बिनवासाचं पाणी

तलावावर त्याला सगळे बगळोबा म्हणत. उंच, किडकिडीत, पांढरी पँट, पांढरा शर्ट, आणि दिवसभर काठावर मान वाकवून पाण्यात बघत उभा. दुसरं नाव सुचणार तरी काय? गंमत अशी की अर्धं आयुष्य पोहण्याच्या तलावावर काढूनही गड्याला पोहायला येत नव्हतं. कुणी चिडवलं तर म्हणायचा, "मला पाणी सांभाळायला ठेवलंय, पाण्यात पडायला नाही."

आणि सांभाळायचा मात्र जिवापाड. खालच्या पंपघरात वाळूच्या गाळण्या धुवायच्या, क्लोरीन सोडणाऱ्या पंपाला कान लावून तो नीट टकटकतोय ना ते ऐकायचं, आणि दिवसातून कितीतरी वेळा काचेच्या बारक्या नळीत तलावाचं पाणी घेऊन त्यात एक गोळी टाकायची. पाणी गुलाबी झालं की क्लोरीन आहे, जंतूंची डाळ शिजणार नाही. फिकं पडलं की क्लोरीन कमी झालाय. आणि गुलाबी झालंच नाही, तर शिट्टी मारायची आणि लहानथोर सगळ्यांना बाहेर काढायचं. यात त्याची कधी चूक झाली नव्हती.

बायकोला रक्ताचा आजार निघाला तेव्हा मात्र त्याच्या तोंडचं पाणी पळालं. इस्पितळातले ते लांबलचक दिवस कसेबसे सरले, डोक्यावरचे केस गेले, अंगावरचं मांस गेलं, पण औषध लागू पडलं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं. बायकोची मोठी बहीण, ताई, तीही होतीच.

"औषधानं वाईट पेशी मेल्या, तशा चांगल्याही मेल्यात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अंगात लढायला सध्या कुणी नाही. तुम्हाआम्हाला जे जंतू काही करत नाहीत, ते यांना आडवं करतील. मातीत असतात, फुलदाणीत असतात, नळाच्या पाण्यातही असतात. एरवी गुपचूप पडून राहतात, माणूस अशक्त दिसला की डाव साधतात. संधिसाधूच म्हणतो आम्ही त्यांना."

"म्हणजे निवडणुकीला उभे राहतात तेच की," ताई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंना हसू आलं. बायकोही मास्कच्या आत हसली. बगळोबा मात्र बोटांवर मोजत होता: माती, फुलदाणी, नळ.

ताई पिशवी घेऊन त्यांच्याकडेच राहायला आली. सरकारी कचेरीत साहेबीण होऊन निवृत्त झालेली बाई. शिकल्यासवरलेल्या बहिणीनं पंप चालवणाऱ्याशी लग्न केलं हे तिला आजतागायत पचलं नव्हतं. लग्नापासून ती त्याला पाण्यात पाहायची, आणि तो पाण्यावरच कामाला असल्यानं तिला फार शोधावंही लागत नसे. पण बहिणीवर तिचा जीव होता, आणि स्वयंपाकघरात ती उभी राहिली की भांडीसुद्धा शहाण्यासारखी वागायची.

बगळोबानं घराचं पंपघर करून टाकलं. दाराशी साबण, आत आलं की हात, मग तोंड, मग कपडे. पिण्याचं पाणी खळखळून उकळायचं, झाकायचं, त्यात कुणी बोट बुडवलं तर त्याची खैर नाही. भाजी शिजल्याशिवाय ताटात नाही, फळ सोलल्याशिवाय तोंडात नाही. शेजारीण गुलाबांचा गुच्छ घेऊन आली तर यानं तो दारातूनच परत पाठवला, आणि बिचारी आजही तोंड फिरवून जाते.

"अहो, मला काचेच्या कपाटात ठेवा ना एकदाची," बायको म्हणायची.

"मिळालं तर ठेवीन," तो म्हणायचा, आणि तो थट्टा करत नव्हता.

एक गोष्ट मात्र त्याच्या हातात नव्हती. औषधांनी बायकोचं नाक भलतंच तिखट झालं होतं. तिसऱ्या मजल्यावर कांदा परतला तरी हिला पहिल्या मजल्यावर उमासे यायचे. आणि सगळ्यांत जास्त त्रास व्हायचा तो क्लोरीनचा. तो कामावरून आला की ती तोंड फिरवायची. तो बिचारा तलावावरच साबणानं अंग घासून, कपडे बदलून यायला लागला. मग एक दिवस ती अंघोळीला गेली आणि तशीच कोरडी बाहेर आली.

"नळालाही तोच वास," ती भिंतीला टेकून म्हणाली. "तुमचा तलाव घरापर्यंत आला हो. मला नाही सहन होत."

त्यानंतर अंघोळ बंद. ताई ओल्या फडक्यानं तिचं अंग पुसून द्यायची, आणि पुसता पुसता त्याच्याकडे असं बघायची की जणू शहराच्या पाण्यात क्लोरीन यानंच नेऊन ओतलाय. बायको आरशासमोरून जाताना मान खाली घालायची. "अंगाला आजारपणाचा वास मारतो माझ्या," असं एकदा ती हळूच म्हणाली, आणि ते त्याच्या काळजाला लागलं.

दुसऱ्याच दिवशी तो बाजारातून कोळशाची गाळणी घेऊन आला. पांढऱ्या नळकांड्यात दाबून भरलेला कोळसा, पाणी त्यातून गेलं की वास गायब. "थेंबभर क्लोरीन राहिला तर परत आणा," दुकानदार छातीवर हात मारून म्हणाला होता. बगळोबानं ती न्हाणीघरात गरम पाण्याच्या नळीवर, शॉवरच्या आधी बसवली. खिशातून काचेची नळी काढली, शॉवरचं पाणी घेतलं, गोळी टाकली, हलवलं आणि उजेडात धरलं. पाणी होतं तसंच राहिलं. गुलाबी रंगाचा लवलेश नाही.

"बघ!" तो लहान पोरासारखा ओरडला. "काही नाही! एक कण नाही!"

बायकोनं टाळ्या वाजवल्या. ताईसुद्धा म्हणाली, "चला, काहीतरी जमलं म्हणायचं."

मग काय, बायको रोज प्लास्टिकच्या स्टुलावर बसून शॉवरखाली रमायला लागली. कातडी नाजूक झालेली, म्हणून त्यानं गिझर कोमटावर ठेवला. ताई बाहेरून सांगायची, "बस गं अजून थोडा वेळ, घाई कसली?" ती बाहेर यायची ती गाल लाल करून, तुळतुळीत डोक्यावर टॉवेल टाकून, गुणगुणत. तो सुट्टीच्या दिवशी दाराबाहेर पेपर धरून बसायचा आणि आतलं पाणी पडताना ऐकत राहायचा. इतक्या महिन्यांत त्याला इतकं बरं कशानं वाटलं नव्हतं.

असे काही आठवडे गेले.

त्या दिवशी सकाळी तलावावर क्लोरीनचा पंप चोंदला. वर पोहणाऱ्यांची गर्दी होती. बगळोबानं नेहमीप्रमाणे नळी भरली, गोळी टाकली, उजेडात धरली. पाणी कोरं. त्यानं पुन्हा केलं. पुन्हा कोरं. झालं, शिट्टी फुंकली आणि सगळ्यांना बाहेर बोलावलं.

नेहमी पोहायला येणाऱ्या म्हाताऱ्या बायकांत एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, त्या फुलाफुलांची टोपी काढत तरातरा त्याच्याकडे आल्या.

"काय हो बगळोबा, आज कधी नव्हे ते पाणी चांगलं आहे आणि आजच बाहेर काढता? कसं काचेसारखं आहे! डोळे चुरचुरत नाहीत, वास नाही. असं रोज ठेवायला काय होतं तुम्हाला?"

"बाई, वास नाही तेच तर वाईट," तो समजावायला लागला. हे तो कितीदा तरी बोलला होता. "वास नाही म्हणजे राखणदार जागेवर नाही. आणि राखणदार नसला की पाणी दिसायला कितीही स्वच्छ असू दे, त्यात जंतू हवे तसे—"

आणि तो थांबला.

"हवे तसे काय?" बाई म्हणाल्या.

तो हातातल्या नळीकडे बघत राहिला. असंच कोरं पाणी त्यानं न्हाणीघरात उजेडात धरलं होतं आणि नाचला होता. रोज इथे ज्या पाण्यावरून तो धडधाकट माणसांना हाकलत होता, त्याच पाण्याखाली, कोमट करून, त्यानं घरातल्या त्या जिवाला बसवलं होतं, ज्याच्या अंगात लढायला कुणी नव्हतं. वर ओला कोळसा! रात्रभर पाणी त्यात तुंबून राहणार, ऊब आहे, क्लोरीन नाही. जंतूंना आणखी काय हवं? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

कसाबसा फोन काढून त्यानं घरी लावला. ताईनं उचलला.

"कुठे आहे ती?"

"अंघोळीला बसलीय. का हो?"

"बाहेर काढा तिला. आत्ताच्या आत्ता!"

"अहो पण झालं काय?"

खरं तिथेच सांगायचं. पण ताईचा तो आवाज कानावर पडला आणि जीभ आपोआप वळली. "काही नाही... टाकी धुतायत म्हणे. गढूळ पाणी येईल."

मॅनेजरला काहीतरी सांगून तो घरी पळाला. जिना दोन दोन पायऱ्या करत चढला, बायकोकडे न बघता न्हाणीघरात शिरला आणि गाळणी उघडली. आत बोट घातलं. बुळबुळीत लागलं. पंपघरात एखादी नळी बरेच दिवस पडून राहिली की तिच्या आत असंच लागायचं; ते ओळखायला त्याला भिंग नको होतं.

"काय झालं हो?" बायको दारात उभी, अंगावर गाऊन, डोक्यावर टॉवेल. "तोंड का असं झालंय तुमचं?"

"गळत होती. काढून टाकली."

"मग आता पुन्हा वास?"

"बघू. दुसरं काहीतरी करू."

गाळणी पेपरात गुंडाळून त्यानं पार कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत नेऊन टाकली, आणि परत येताना त्याला वाटलं की आपण कुणाचा तरी खून करून आलोय.

सांगायला हवं होतं. डॉक्टरीणबाईंना फोन करायला हवा होता. पण मनाला अशा वेळी हजार वकील भेटतात. एक म्हणाला, आजारी माणसाला उगीच घाबरवू नये. दुसरा म्हणाला, अजून काही झालंय का? इतके दिवस तर ठणठणीत आहे. तिसरा वकील काहीच बोलला नाही, नुसतं ताईचं तोंड दाखवलं. बगळोबा मूग गिळून बसला.

पण बसवत कुठे होतं? ती खाकरली की हा दचकायचा. ती पांघरूण ओढायची की हा विचारायचा, थंडी वाजते का? काही ना काही निमित्त काढून तो तिचा ताप बघायचा, कधी कपाळाला हात लावून, कधी थर्मामीटर लावून. "अहो, मी काय तलाव आहे का, सारखं मोजायला?" ती वैतागून म्हणाली. जेवणात त्याचं लक्ष नव्हतं. ताईनं वाढलेलं सगळं त्यानं खाल्लं आणि काय खाल्लं ते त्याला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती म्हणाली, "मला जरा हुडहुडी भरलीय." कोरडा खोकला सुरू झाला. थर्मामीटरचा पारा चढला तो चढतच गेला. ताप आला तर एक तासही घरी थांबू नका असं बजावलेलं होतं, म्हणून पिशवी दाराशी तयारच असायची. टॅक्सीत बायको त्याच्या खांद्यावर डोकं टाकून बसली होती, आणि कापडातून तिचा ताप त्याला भाजत होता.

इस्पितळात तरुण डॉक्टर होता, घाईत.

"बाहेरचं काही खाल्लं? कुणी सर्दीपडशाचं माणूस भेटायला आलं? घरात काही नवीन?"

"छे छे," ताईनं तिन्हींना मिळून एकच उत्तर दिलं. "कडकडीत पाळतो आम्ही."

बगळोबानं तोंड उघडलं. डॉक्टर तोवर सलाइनची जागा शोधायला लागला होता. त्यानं तोंड मिटलं. त्याला बोलता आलं नसतं असं नाही. खोटं कशाला सांगा, वेळ भरपूर होता. डॉक्टर संध्याकाळपर्यंत तिथेच ये-जा करत होता आणि हा त्याच्या वाटेत खांबासारखा उभा होता.

सकाळ झाली तरी ताप हटला नाही. नाकावर ऑक्सिजनचा मास्क आला होता, छातीच्या फोटोत एका बाजूला पांढरट डाग आला होता. डॉक्टरीणबाई आल्या, फोटो खिडकीशी धरून बराच वेळ बघत राहिल्या.

"नेहमीचं औषध कालच सुरू केलंय, पण दाद देत नाहीये," त्या म्हणाल्या. "मला नीट आठवून सांगा. घरी एसी आहे? वाफारा घेतात? पाण्याला काही फिल्टर, शॉवर, असं काही?"

"पाण्याचं तुम्ही विचारूच नका डॉक्टर," ताई पुढे झाली. रात्रभर जागून तिचे डोळे सुजले होते. "मी या माणसाला आयुष्यभर नावं ठेवली, त्यांच्या तोंडावर सांगते. पण गेल्या काही महिन्यांत जे त्यांनी केलंय ना हिच्यासाठी, ते पोटच्या पोरानं केलं नसतं. पाण्याच्या बाबतीत तर त्यांचा हात कुणी धरणार नाही. त्यांच्या हातून चूक होणं शक्य नाही."

लग्नाला इतकी वर्षं झाली, ताईच्या तोंडून त्याच्यासाठी गोड शब्द निघाला तो आज, इथे. त्याला वाटलं, धरणी दुभंगावी आणि पोटात घ्यावं. ताई त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत पहिल्यांदाच विश्वास होता. पलीकडे बायकोची छाती भराभर वरखाली होत होती.

"झालीय चूक," तो म्हणाला. "माझ्या हातून चूक झालीय, डॉक्टर."

आणि त्यानं सगळं सांगितलं. वास, गाळणी, कोमट पाणी, शॉवर, कोरी नळी, बुळबुळीत कोळसा. मान वर न करता सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी मध्ये दोनच प्रश्न विचारले, गाळणी शॉवरच्या आधी होती का आणि पाणी कितपत गरम असायचं. मग त्या वळल्या आणि नर्सला भराभर सूचना देऊ लागल्या. लघवीचा नमुना लगेच पाठवा, हे औषध आत्ता लावा, माझी सही नंतर घ्या.

"कोमट पाण्यात वाढणारा एक जंतू आहे," त्या त्याला म्हणाल्या. "शॉवरच्या फवाऱ्यातून श्वासाबरोबर फुप्फुसात जातो. काल सुरू केलेलं औषध त्याच्यावर चालत नाही. तोच असेल असं मी म्हणत नाही, पण आता वाट बघायची नाही. हे कालच कळलं असतं तर..."

पुढचं त्या बोलल्या नाहीत आणि निघून गेल्या.

ताई भिंतीकडे तोंड करून उभी होती. तो तिच्या शिव्यांची वाट बघत राहिला. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं. "मी तिला रोज म्हणायचे हो, बस अजून थोडा वेळ," एवढंच ती म्हणाली, पदर तोंडाला लावला आणि बाहेर गेली.

नर्सनं नवी बाटली टांगली, थेंब सुरू केले. बायकोचे डोळे मिटलेले होते. झोपली असेल असं समजून तो पलंगाच्या कडेला गेला, तर तिनं मास्क बाजूला सारला.

"तुम्हाला कळलं कधी?"

"परवा. तलावावर."

"टाकी धुतायत म्हणालात तेव्हा?"

त्यानं मान डोलावली.

"आणि काल त्या पोरग्यानं विचारलं, तेव्हा तुम्ही इथेच होतात."

"हो."

ती खोकली. खोकला थांबेपर्यंत तो नुसता उभा होता; पाठीवरून हात फिरवावा की नाही, तेही त्याला कळेना.

"गाळणीचं मी काही म्हणत नाही," ती दम घेत म्हणाली. "ती माझ्यासाठी आणलीत. माझ्याच्यानं वास सहन होत नव्हता. चुकलं, तर दोघांचं चुकलं. पण काल गप्प बसलात, ते कुणासाठी?"

तुझ्यासाठी, असं म्हणणार होता तो. तू घाबरशील म्हणून. शब्द अगदी ओठांवर आले होते. तिनं त्याचा हात धरला नव्हता की झिडकारलाही नव्हता. ती फक्त त्याच्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यापुढे त्याला ते म्हणता येईना.

"माझ्यासाठी," तो म्हणाला. "लाज वाटली म्हणून. ताईंसमोर."

"हं." तिनं डोळे मिटले. वरून औषध थेंब थेंब पडत राहिलं. "मला मरायची भीती वाटतेय हो. केव्हापासून वाटतेय. तुम्हाला वाटत होती, ते तुम्ही लपवत होतात. म्हणजे कालची रात्र मी एकटीच घाबरत होते."

तेव्हा मात्र बगळोबाला रडू आवरेना. उंच माणूस पलंगाच्या कडेला दुमडून बसला आणि तोंड झाकून हमसाहमशी रडला. ती त्याला उगी म्हणाली नाही. त्याचं रडून झाल्यावर तिनं मास्क पुन्हा नाकावर ओढला आणि हात त्याच्याकडे केला.

"बसा इथेच," ती मास्कच्या आतून म्हणाली. "आणि आता काय होईल, किती भीती वाटतेय, सगळं मला सांगत राहा. औषधाला वेळ लागणार आहे."

त्यानं खुर्ची जवळ ओढली, तिचा तापलेला हात दोन्ही हातांत घेतला आणि सांगायला सुरुवात केली.